छातीवरची अक्षरं

नागपूरच्या नंदनवन वस्तीत लहानू पेंटरचं घर शोधायचं असेल तर श्रावणात जावं, म्हणजे कोणाला विचारावं लागत नाही. ज्या घरासमोर दोन पुरुष उंचीचं, बांबूच्या कामट्यांचं, बिनमुंडक्याचं धड उभं असेल आणि शेजारी चुलीवर मैद्याची खळ रटरटत असेल, ते घर लहानू परातेचं. बाकीच्या अकरा महिन्यांत मात्र पत्ता सांगणं कठीण आहे. ज्यानं निम्म्या नागपूरच्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या, त्यानं स्वतःच्या दारावर नावाची पाटी कधी लावली नाही. कोणी विचारलंच तर म्हणायचा, "मी कोण आहो ते मले माहीत आहे ना."

हे बोलणं ऐकायला ऐटदार असलं तरी त्यात फारसं तथ्य नव्हतं. आपण कोण आहोत ते लहानूला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी कळलं, आणि तेही बडग्या बनवताना.

बडग्या म्हणजे काय ते नागपूरकराला सांगायला नको, पण बाहेरच्यासाठी सांगायला हवं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे मारबत निघते. काळी आणि पिवळी अशा दोन मारबती, म्हणजे बाईच्या रूपातले प्रचंड पुतळे, आणि त्यांच्याबरोबर गल्लोगल्लीचे बडगे. वर्षभर ज्यानं लोकांना छळलं त्याचा पुतळा करायचा, छातीवर त्याचं नाव लिहायचं, रस्तोरस्ती फिरवायचा आणि "घेऊन जा गे मारबत", म्हणजे ही पीडा तुझ्यासोबत ने, असं बेंबीच्या देठापासून ओरडत नेऊन जाळायचा. खोकला, डेंग्यू, महागाई, रस्त्यातले खड्डे, सगळे त्या छातीवर येऊन गेलेत. ज्याचं नाव छातीवर, ती पीडा. एवढा साधा कायदा आहे, आणि तो नागपुरात शाळेत न शिकवता सगळ्यांना येतो.

लहानूचा बाप कोष्टी. इतवारीकडे त्यांचे दोन हातमाग होते आणि आई ताण्याच्या सुताला लावायची खळ शिजवायची. माग बंद पडले तेव्हा लहानू सोळा वर्षांचा होता. तो एका पेंटरच्या हाताखाली गेला, डबे धुतले, ब्रश धुतले, आणि दोन वर्षांनी त्याला पहिलं अक्षर काढू दिलं गेलं. उस्तादानं त्याला एकच गोष्ट घोकून घोकून शिकवली होती. गिऱ्हाईक रस्त्यावरून जात असतं, ते थांबून वाचत नाही, म्हणून पाटीवरचा पहिला शब्द मोठा. 'वंदना क्लॉथ स्टोअर्स' लिहायचं तर 'वंदना' हातभर आणि बाकीचं वीतभर. लहानूनं चाळीस वर्षं हा नियम पाळला. मग फ्लेक्स आले आणि वर्षभरात त्याचे ब्रश वाळून कडक झाले. आईच्या हातची खळ मात्र त्याला येत होती, आणि बडग्याचा कागद खळीशिवाय बसत नाही. त्यामुळे श्रावण तेवढा त्याचा राहिला.

आता त्याच्या मुलाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

पियुष एकुलता एक. कळमेश्वरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात सुपरवायझर, शांत स्वभावाचा, बापासारखंच वळणदार अक्षर. सहा वर्षांपूर्वीच्या श्रावणात त्याला उमरेडकडचं स्थळ आलं होतं आणि पाहुणे रविवारी यायचे होते. शनिवारी दुपारी लहानू बडग्याच्या पाठीवर कागद चिकटवत होता. पियुष शेजारी येऊन बसला आणि खळीत कागद बुडवून बापाच्या हातात देऊ लागला. चार-पाच कागद दिल्यावर म्हणाला, "बाबा, पाहुण्याईले नाई म्हणा. मी लग्न नाई करू शकत. मले मुली आवडतच नाई. माह्या जीवनात एक जण आहे. पोट्टाच आहे."

लहानूनं हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही. हातातला कागद नीट बसवला, त्याच्यावरून ब्रश फिरवला आणि म्हणाला, "हे असलं माह्या घरात नाई चालत." पियुषनं खळीचे हात धुतले. मग आत जाऊन त्यानं बॅग भरली. वच्छला, म्हणजे लहानूची बायको, दारात आडवी आली, तिला त्यानं हळूच बाजूला केलं. तो अंगण ओलांडत असताना लहानू त्याच्या पाठीला म्हणाला, "घेऊन जा गे मारबत."

मोठ्यानं म्हणाला नाही. शेजाऱ्यांना ऐकूसुद्धा गेलं नाही. ज्या दोघांना ऐकू गेलं त्यांच्यातला एक कळमेश्वरला खोली करून राहिला आणि दुसरी सहा वर्षं याच घरात राहिली. लहानूची बाजू घ्यायची कोणाला हौस असेल तर खुशाल घ्यावी, वच्छलेनं घेतली नाही. तिनं भांडण केलं नाही, अबोलाही धरला नाही. फक्त नवऱ्याला हाक मारायची ती पूर्वीसारखीच मारत राहिली, "अवो पियुषचे बाबा." जेवायला वाढलं तरी पियुषचे बाबा, दळण आणायचं तरी पियुषचे बाबा. पोराला घराबाहेर काढता आलं, पण दिवसातून वीस वेळा येणारं त्याचं नाव लहानूला काढता आलं नाही.

आणि दर गुरुवारी ती भजनाला जाऊ लागली. भजनाला जाताना पाटवड्यांचा डबा लागतो, हे लहानूनं पहिल्यांदाच पाहिलं, पण विचारलं नाही. एकदा डबा नेहमीपेक्षा मोठा दिसला तेव्हा मात्र त्याला राहवलं नाही.

"भजनात लोक वाढले का?"

"नाई. दोघंच आहेत," वच्छला म्हणाली. "पण पाटवडी आवडते दोघायलेही."

तिचं भजन कुठे आहे हे त्याला माहीत होतं आणि त्याला माहीत आहे हे तिलाही माहीत होतं. लहानूला आत कुठेतरी बरंच वाटायचं की डबा जातो आहे. पण आपलं चुकलं हे तोंडानं म्हणणं त्याच्या कुळात कोणी केलं नव्हतं, आणि पहिला मान घ्यायची त्याला घाई नव्हती.

असे सहा श्रावण गेले. मग काजल आली.

उंच मुलगी, पिवळा कुर्ता, कमरेपर्यंत वेणी. "काका, बडग्या बनवून द्याल का?" असं तिनं विचारलं, आणि तो भरदार, जाड आवाज ऐकून लहानूला काय ते समजलं. 'सोबत' नावाचा त्यांचा एक गट होता. कोणी मुलगा मुलावर प्रेम करणारा, कोणी मुलगी मुलीवर, कोणी काजलसारखी मुलगा म्हणून वाढवलेली आणि आतून मुलगीच असलेली. वर्षातून दोन-तीनदा ते चित्रं लावायचे, गाणी म्हणायचे, नाटक करायचे, म्हणजे लोकांनी येऊन पाहावं आणि ही आपल्यातलीच माणसं आहेत हे त्यांना समजावं. यंदाचा कार्यक्रम पोळ्याआधीच्या रविवारी सक्करदऱ्याला तलावाजवळच्या एका सभागृहात होता. तिथे दारात बडग्या उभा करायचा आणि बुधवारी तोच मारबतीत काढायचा, असं त्यांनी ठरवलं होतं.

"मीच काहून?" लहानूनं विचारलं.

"एकानं सांगतलं. म्हणे बडग्या करावा तर त्याईनंच."

एक जण कोण, हे लहानूनं विचारलं नाही. वच्छलेकडे पाहिलं तर ती तांदूळ निवडण्यात एकदम गढून गेली होती. तो हो म्हणाला.

आता अडचण वेगळीच झाली. आमच्या नागपूरकडे गड्याशी बोलताना वाक्याच्या शेपटाला 'गा' लागतो आणि बाईशी बोलताना 'वं'. 'ये गा', 'ये वं'. त्यामुळे समोरचा कोण आहे ते जिभेला आधी ठरवावं लागतं. काजल रोज संध्याकाळी कागद चिकटवायला यायची आणि लहानूची जीभ ठरवेना. म्हणून त्यानं शेपूटच छाटून टाकलं. "खळ आण." "कागद दे." "उद्या लवकर ये." हे असं बोलणं इकडे मारकुट्या मास्तरासारखं वाटतं. चार दिवसांनी काजलनं वच्छलेला विचारलं, "काकू, काका माह्यावर रागावले आहेत का?"

"नाई वं," वच्छला म्हणाली. "त्याईचं तोंड अडकलं आहे. सुटन."

कागद चिकटवता चिकटवता काजल बोलायची. तीन घरमालकांनी तिचं सामान फाटकाबाहेर ठेवलं होतं. एका दुकानात हिशेबनीस म्हणून लागली तर आठव्या दिवशी गिऱ्हाईक हसतं म्हणून काढलं. हे सगळं ती रडत सांगायची नाही. कोणत्या मालकाचं पोट केवढं होतं तेही हातानं दाखवायची, आणि लहानूला हसू यायचं. हसू आलं की त्याला कळमेश्वर आठवायचं. पियुषचं सामान कोणी फाटकाबाहेर ठेवलं असेल का, असा विचार यायचा, आणि मग लक्षात यायचं की पहिल्यांदा ते कोणी ठेवलं.

एक दिवस काजल मागे सरकत चुलीजवळ गेली. खळीचं पातेलं उकळत होतं.

"सरक वं पोरी, भाजशीन," लहानू म्हणाला.

काजलचे हात क्षणभर थांबले, मग ती कागद फाडू लागली, नको तितका बारीक. वच्छला आत जाऊन चहा टाकून आली. लहानूला नवल याचं वाटलं की जिभेला काही झालं नाही. त्या दिवसानंतर तो 'वं' लावूनच बोलला.

बडग्या दहा तोंडांचा झाला, कारण काजलच्या गटाला राक्षस हवा होता. शनिवारी फक्त छाती राहिली. काजलनं कागदावर लिहून आणलं होतं, 'समलिंगी आणि तृतीयपंथी लोकांशी केला जाणारा भेदभाव'.

"लय लांब आहे," लहानू म्हणाला. "डेंग्यू कसा सुटसुटीत होता."

काजल गेल्यावर त्यानं लाल रंग कालवला आणि खुशीत अक्षरं काढली. खूप दिवसांनी मोठं काम होतं. उस्तादाची आठवण झाली. पहिले शब्द हातभर काढले, ठसठशीत, पिवळी किनार देऊन. जागा संपत आली तसं उरलेलं खाली बेंबीजवळ बारीक बसवलं. लांब जाऊन पाहिलं नाही. एरवी तो नेहमी लांब जाऊन पाहायचा, पण त्या दिवशी अंधारून आलं होतं आणि त्यानं बडग्यावर ताडपत्री टाकली.

रविवारी दुपारी मारोतरावाच्या हातठेल्यावरून बडग्या सक्करदऱ्याला नेला. मारोतराव शेजारचा, लहानपणापासूनचा मित्र, वल्ली माणूस. ठेला आणि दोन शिव्या, दोन्ही मदतीला हजर. सभागृहाच्या फाटकाशी दोघांनी बडग्या उभा केला, ताडपत्री काढली, आणि दोरखंड बांधायचं काम मारोतरावावर सोपवून लहानू आत गेला.

आत भिंतीभर चित्रं होती. एका कोपऱ्यात नाटकाची तालीम चालली होती. चार-पाच जणांचे आई-बापही आले होते, जरा अवघडून खुर्च्यांवर बसले होते. समोरच्या भिंतीवर एक पांढरं धोतर आडवं टांगलं होतं आणि त्यावर वेगवेगळ्या हातांनी काहीबाही लिहिलेलं होतं. वर ठळक अक्षरांत होतं, 'घरातून निघताना आमच्या कानावर पडलेले शेवटचे शब्द'. हे धोतर ते दर कार्यक्रमात लावत आणि ज्याला लिहायचं तो लिही.

लहानू वाचत गेला. 'तू आमच्यासाठी मेलास.' 'बहिणीच्या लग्नाला येऊ नकोस.' 'डॉक्टरकडे दाखव आधी.' आणि मग डाव्या खालच्या कोपऱ्यात, निळ्या शाईत, 'घेऊन जा गे मारबत.'

त्याखाली नाव नव्हतं. नावाची गरजही नव्हती. 'ऊ'चं शेपूट असं आत वळवून वर न्यायला लहानूनंच शिकवलं होतं, पाटीवर, पियुष पाच वर्षांचा असताना, हात धरून. तो त्या धोतरासमोर उभा राहिला आणि त्याला इतकी लाज वाटली की खुर्चीवर बसलेल्या त्या अनोळखी आई-बापांकडेही त्याला पाहवेना.

तेवढ्यात बाहेरून मारोतरावाचा आवाज आला. तो दोरखंड बांधून रस्त्यापलीकडे पान खायला गेला होता आणि तिथूनच बडग्याची छाती वाचत होता. "समलिंगी आणि तृतीयपंथी... घेऊन जा गे मारबत," तो खुशीत ओरडला. "बराबर लिवलं गा लहानू. सरळ लिवून टाकलं."

लहानू धावत बाहेर आला. आयुष्यात पहिल्यांदा आपली अक्षरं त्यानं गिऱ्हाइकाच्या जागेवरून उशिरा पाहिली. रस्त्यावरून फक्त वरचे शब्द दिसत होते. 'भेदभाव' बेंबीखाली कुठेतरी पडला होता, आणि फाटकातून आत येणारी पोरं पाय अडखळून थांबत होती. जी पीडा म्हणून छातीवर लिहिली गेली होती, ती तीच पोरं होती.

काजल फाटकाशी उभी होती. तिचा चेहरा उतरला होता.

"अक्षर बसले नाई वं," लहानू म्हणाला. "पहिला शब्द मोठा घेतो आमी."

"मले समजलं काका," ती म्हणाली. "पण तो आला होता."

"कोण?"

"पियुष. त्यानंच तुमचं नाव सांगतलं होतं. चार वाजता येतो म्हणे, बाबा काम करत असतीन तर लांबून पायतो. आला, इथं उभा राहिला, वाचलं आणि गेला. मी हाका मारल्या."

लहानूनं ताडपत्री बडग्यावर ओढली आणि ठेला घरी परत नेला. वाटेत मारोतराव दोनदा काहीतरी म्हणाला, ते त्यानं ऐकलं नाही.

सोमवारी काजल येणार नाही असं त्याला वाटत होतं. ती सकाळीच आली. पियुष फोन उचलत नव्हता. "मी मेसेज टाकला," ती म्हणाली. "अक्षर चुकून तसे बसले म्हणून."

"तो मेसेज कामाचा नाई."

"काहून? खरंच आहे ना ते?"

"छातीवरचं चुकून आलं," लहानू म्हणाला. "सहा वर्साआधी तोंडातून चुकून नोहतं आलं. त्यानं ते धोतरावर लिवून ठेवलं आहे. मी वाचलं." एवढं बोलून तो रडला. वच्छलेनं सहा वर्षं या रडण्याची वाट पाहिली होती, पण ती जवळ आली नाही. दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "अवो पियुषचे बाबा, रडून झालं का काम करा. बुधवारी मारबत आहे."

लहानूनं डोळे पुसले आणि बडग्याची दहाही तोंडं उपटून काढली. काजल पाहतच राहिली.

"हे पाय," तो म्हणाला. "डेंग्यूले मच्छर असते. महागाईले सिलिंडर असते. लोकाईले दिसलं पायजे. भेदभाव कोणी पायला आहे का? दहा तोंडाचा तर कोणीच नाई पायला. तुह्यं सामान कोण्या राक्षसानं बाहेर ठेवलं होतं का?"

"नाई. चांगले देवपूजा करणारे लोक होते."

"मंग." त्यानं वच्छलेकडे आरसा मागितला.

ते तोंड करायला त्याला पूर्ण सोमवार लागला. माणूस स्वतःला रोज पाहतो, पण घडवायला बसला की नाक कुठे संपतं तेही आठवत नाही. काजल खळीत कागद बुडवून देत होती, आणि तो आरशात पाहून गाल, कपाळ, हनुवटीवरचा खड्डा बसवत होता. मिशी तागाची केली. गळ्यातल्या दोरीसकट आपला जुना चष्मा बडग्याच्या नाकावर ठेवला, कारण चष्म्याशिवाय त्याला नंदनवनात कोणी ओळखलं नसतं. मग छातीवर पांढरा रंग मारला, तो वाळू दिला आणि लिहिलं, 'लेकराले घराबाहेर काढणारा बाप'. चारही शब्द सारख्या मापाचे. लिहून झाल्यावर रस्ता ओलांडून पलीकडे गेला आणि तिथून वाचून आला.

"आमचं नाव?" काजलनं विचारलं.

"खाली लिवतो, बारीक. तुमी बडग्या काढणारे आहा वं, बडग्या नोहे."

मंगळवारी पोळा. वच्छलेनं पुरणपोळ्यांचा डबा भरला. भजनाचा वार नव्हता.

"काही निरोप द्याचा आहे का?" तिनं चपला घालता घालता विचारलं.

"उद्या बडग्या आपल्या रस्त्यानं जाईन, एवढंच सांग. पायला तर पायला."

ती संध्याकाळी परतली. पियुष काही बोलला नव्हता. डबा मात्र ठेवून घेतला होता.

त्याच संध्याकाळी मारोतराव ठेल्याचं पाहायला आला आणि बडग्यासमोर उभा राहिला. पान चघळायचं थांबला. "लहानू, हे तोंड तुह्यं आहे."

"हाव."

"घरातली गोष्ट रस्त्यावर काहून आणून राहिला गा?"

"मी त्याले रस्त्यावरच तर काढलं होतं," लहानू म्हणाला.

मारोतराव वाकून ठेल्याचं चाक पाहू लागला. रविवारी आपण काय ओरडलो ते त्याला आठवलं असावं, पण माफी मागायची रीत त्याच्याही कुळात नव्हती. शेवटी म्हणाला, "डावं चाक आवाज करते. तेल टाकून ठेवतो."

बुधवारी सकाळपासून रस्ते फुलले होते. ढोल, ताशे, गच्च्यांवर बायका, खांद्यांवर लेकरं. लहानूचा बडग्या चौकात येताच ओळखीचे लोक हसायला लागले. "अरे, हा तर लहानू पेंटर." मग छाती वाचायचे आणि हसू अर्धवट राहायचं. कोणी वळून शेजारच्याला सांगायचं. एक म्हातारी पदर तोंडाला लावून बराच वेळ पाहत राहिली. काजल आणि तिचा गट ठेल्यामागून चालत होता, आणि त्यांच्याकडे कोणी बोट दाखवत नव्हतं.

रीत अशी की बडग्या करणाऱ्यानं नाव घ्यायचं आणि लोकांनी पुढचं ओरडायचं. लहानूनं तोंड उघडलं. सहा वर्षांपूर्वी सहज निघालेला आवाज आता निघेना. त्यानं काजलकडे पाहिलं. ती म्हणाली, "मी म्हणू का काका?" त्यानं मान हलवली. हे त्यालाच म्हणायचं होतं.

"लेकराले घराबाहेर काढणारा बाप," तो ओरडला. आवाज फाटला.

"घेऊन जा गे मारबत," रस्ता ओरडला. मारोतरावाचा आवाज सगळ्यात वर होता.

तीन वेळा म्हणाला. चौथ्या वेळी त्याला रस्त्याच्या कडेला वच्छला दिसली. तिच्या एका बाजूला पियुष होता, थोडा जाड झालेला, कानाजवळ दोन पांढरे केस. दुसऱ्या बाजूला एक सावळा, चष्मेवाला मुलगा, हातात कालचा डबा घेऊन. सगळे ओरडत होते. पियुष ओरडत नव्हता. तो बडग्याकडे पाहत होता, मग बापाकडे, मग परत बडग्याकडे.

मिरवणुकीच्या शेवटी बडगे जाळायला ठेवले तेव्हा तो ठेल्याजवळ आला. काडी मारोतरावाच्या हातात होती. "थांबा काका," पियुष त्याला म्हणाला. तो चाकावर पाय देऊन वर चढला आणि बडग्याच्या नाकावरचा चष्मा, गळ्यातल्या दोरीसकट, अलगद काढून घेतला.

"हे कायले जाळता?" तो बापाला म्हणाला. "चांगला आहे अजून."

लहानूनं चष्मा घेतला. त्याला पुष्कळ बोलायचं होतं, रविवारपासून जुळवून ठेवलेलं. त्यातलं काही आठवेना. "चुकलं माह्यं," एवढंच तो म्हणाला. "ते चार शब्द. लय चुकलं."

पियुष ठेल्यापासून मागे सरला आणि मारोतरावानं काडी ओढली. बडग्यानं पेट घेतला. मिशी सगळ्यात आधी गेली, तेव्हा पियुषला थोडं हसू आलं.

"घरी ये गा," लहानू म्हणाला.

"मी एकटा नाई येणार, बाबा."

लहानूनं त्या चष्मेवाल्या मुलाकडे पाहिलं. मुलगा डबा दोन्ही हातांत धरून उभा होता. रस्त्यावर गर्दी होती, ओळखीची माणसं होती, मारोतराव कान देऊन होता.

"नाव काय गा तुह्यं?"

"अमोल."

"पाटवडी आवडते म्हणे तुले."

"हाव, बाबा," अमोल म्हणाला, आणि 'बाबा' नाही, 'काका' म्हणायला हवं होतं, या विचारानं जागच्या जागी घाबरला. लहानूनं काही दुरुस्त केलं नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. वच्छला भजनाला गेली नाही. दुपारी तिनं स्वयंपाकघरातून हाक मारली, "अवो पियुषचे बाबा, चार ताटं घ्या," आणि लहानू ताटं घ्यायला उठला.